दिसतंय स्वच्छ, मग पडदा कशाला तपासायचा?

वाचकांचे प्रश्न : मधुमेह आणि डोळे

या विषयावर आलेल्या बहुतेक पत्रांत एक वाक्य कुठे ना कुठे येतंच : ‘दिसण्याची काही तक्रार नाही.’ म्हणून सुरुवात तिथूनच केली आहे.

प्रश्न : माझ्या यजमानांचं वय ५४. सहा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला, तो बदललेला नाही. तरी डॉक्टर ‘पडदा तपासून घ्या’ म्हणतात. यजमानांचं म्हणणं, ‘मला अजून सुईत दोरा ओवता येतो, उगाच कशाला?’ (बार्शी)

उत्तर : सुईत दोरा ओवता येतो याचा अर्थ एवढाच, की पडद्याच्या (डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेल्या रेटिनाच्या) मधोमध असलेला जेमतेम दीड मिलिमीटरचा भाग शाबूत आहे. बारीक अक्षर वाचणं, चेहरा ओळखणं, नंबराच्या तक्त्यावरची शेवटची ओळ दिसणं ही सगळी कामं तेवढाच भाग करतो. त्याच्या भोवतीच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके पडलेले असले, नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटू लागलेल्या असल्या, तरी तक्त्यावर ‘सिक्स बाय सिक्स’, म्हणजे पूर्ण नजर, येऊ शकतं. पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे डोळा दुखतही नाही.

आत घडतं ते असं. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पडद्यातल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी मरतात. भिंत जागोजागी फुगते. या फुग्यांतून पाणी आणि स्निग्ध पदार्थ झिरपतात आणि ते मधल्या भागात, म्हणजे पीतबिंदूत साचले तर तिथे सूज येते. दुसरीकडे काही वाहिन्या बंद पडतात. रक्त न पोचलेला पडदा ‘नव्या वाहिन्या पाठवा’ असा रासायनिक निरोप सोडतो आणि त्या निरोपावर वाढलेल्या वाहिन्या इतक्या ठिसूळ असतात की फुटून डोळ्यातल्या पारदर्शक जेलमध्ये रक्त सांडतं. पुढे त्यांच्याबरोबर चिवट तंतू तयार होतात, ते आकसतात आणि पडदा ओढून सोडवतात. नजर जाते ती सूज, रक्तस्राव किंवा सुटलेला पडदा यांमुळे. त्याआधीची सगळी वर्षं निमूट जातात, आणि उपचार सर्वांत चांगला लागू पडतो तो याच वर्षांत.

चष्म्याच्या दुकानात यातलं काही दिसत नाही. तिथे नंबर तपासतात, पडदा नाही. मोतीबिंदूच्या शिबिरातही बहुधा टॉर्च आणि तक्ता एवढ्यावरच भागवतात. पडद्याच्या तपासणीत आधी दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी मोजतात, डोळ्यांचा दाब बघतात आणि मग बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. वीस ते तीस मिनिटं डोळे मिटून बसावं लागतं. जुन्या मधुमेहात बाहुली हट्टी असते, थेंब दोन-तीनदा घालावे लागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. त्यानंतर डॉक्टर कपाळावरचा दिवा आणि हातातलं भिंग वापरून पडदा कडेपर्यंत पाहतात. पीतबिंदूवर शंका आली तर ओसीटी करतात. ते एक प्रकारचं छायाचित्रच. सुई नाही, दुखणं नाही, दोन-चार मिनिटांचं काम.

जाताना काही गोष्टी सांभाळा. जेवून आणि नेहमीची औषधं घेऊन जा. उपाशीपोटीची साखर तपासायची सकाळ आणि डोळ्यांच्या दवाखान्याची रांग एकाच दिवशी ठेवू नका. गोळी घेऊन उपाशी बसलेल्या माणसाची साखर रांगेतच उतरते. थेंबांनंतर चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड खुपतो, म्हणून स्कूटर घरी ठेवा, सोबत कुणाला तरी न्या, गॉगल जवळ असू द्या. हृदयविकार, फार वाढलेला रक्तदाब किंवा काचबिंदूचा अचानक झटका येऊन गेला असेल तर थेंब घालण्याआधी सांगा, म्हणजे थेंब त्याप्रमाणे निवडता येतील.

निघताना कागदावर चार गोष्टी लिहून आहेत ना, बघा : प्रत्येक डोळ्याची नजर, पडद्याच्या आजाराचा टप्पा, पीतबिंदूवर सूज आहे की नाही, आणि पुढची तारीख. नुसतं ‘नॉर्मल’ लिहिलेला कागद पुढच्या वर्षीच्या डॉक्टरांच्या काहीच कामाचा नाही.

टाइप २ मधुमेहात, म्हणजे बहुधा मोठेपणी होणाऱ्या प्रकारात (यजमानांचाही बहुधा हाच), ही तपासणी निदान होताच करायची असते, कारण निदानाच्या आधी कित्येक वर्षं साखर गुपचूप वाढलेली असते. टाइप १ मध्ये, म्हणजे बहुधा लहान वयात सुरू होऊन पहिल्यापासून इन्सुलिन लागणाऱ्या प्रकारात, निदानापासून पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी आणि पुढे दरवर्षी. यजमानांना सहा वर्षं उशीर झालाच आहे. याच महिन्यात न्या.

प्रश्न : मला १२ वर्षांपासून मधुमेह आहे. गेली तीन वर्षं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ७.२ च्या आसपास आहे. पथ्यही काटेकोर पाळतो. तरी यंदा दोन्ही पडद्यांवर ठिपके निघाले. मग एवढं सगळं पाळून काय उपयोग? (नाशिक)

उत्तर : तुमची चिडचिड रास्त आहे, पण हिशेब आणखी मागून सुरू होतो. पडदा आजची साखर बघत नाही, बारा वर्षांची बेरीज बघतो. १९९३ साली निकाल जाहीर झालेल्या डीसीसीटी या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात टाइप १ च्या ज्या रुग्णांनी साखर काटेकोर ठेवली, त्यांच्यात पडद्याचा आजार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी निघाला. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांचं एचबीए१सी जवळपास सारखं झालं, तरी आधीच्या चांगल्या वर्षांचा फायदा पुढे अनेक वर्षं दिसत राहिला. वाईट वर्षांचंही तसंच असतं, त्यांची उधारी नंतर वसूल होते. तुमच्या पहिल्या नऊ वर्षांचे जुने रिपोर्ट काढून बघा, उत्तर बहुधा तिथे सापडेल. गेल्या तीन वर्षांनी मात्र ते ठिपके ठिपक्यांवरच थोपवले असण्याची शक्यता आहे. हा उपयोग लहान नाही.

साखरेखेरीज आणखी कोण आत शिरतं, ते तपासा. सर्वांत आधी रक्तदाब. आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित धोका हाच आहे. लोक ग्लुकोमीटर विकत घेतात, पण वर्षभर दंडाला पट्टा लावत नाहीत. यूकेपीडीएस या ब्रिटनमधल्या अभ्यासात (१९९८) ज्यांचा रक्तदाब सरासरी १४४/८२ वर ठेवला, त्यांच्या पडद्याचा आजार वाढण्याचं प्रमाण १५४/८७ वर असलेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे फरक वरच्या आकड्यात फक्त दहाचा! आता बहुतेक रुग्णांसाठी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य धरतात.

मग मूत्रपिंड. लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात असेल तर पडदाही बिघडलेला असण्याची शक्यता बरीच वाढते, कारण दोन्हीकडच्या बारीक वाहिन्या एकाच कारणाने खराब होतात. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण आणि रक्तातलं क्रिएटिनिन वर्षातून एकदा बघायलाच हवं. हिमोग्लोबिन कमी असेल तर उपाशी पडद्याला आणखी कमी प्राणवायू मिळतो. रक्तातली चरबी वाढलेली असेल तर पीतबिंदूवर पिवळसर थर साचायला मदत होते. फेनोफायब्रेट या ट्रायग्लिसराइडच्या (रक्तातल्या एका चरबीच्या) गोळीने सुरुवातीच्या टप्प्यातला आजार वाढण्याचा वेग कमी होतो, असं एकाहून अधिक मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. ती मूत्रपिंडाची तपासणी पाहूनच देतात, म्हणून मनाने सुरू करू नका, पण डॉक्टरांना जरूर विचारा. पायांवर सूज असेल आणि पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर तेही कानावर घाला. या गोळीने अंगात पाणी साठतं, क्वचित पीतबिंदूतही. आणि सिगारेट-बिडी चालू असेल तर ती बंद.

प्रश्न : माझं एचबीए१सी ११.४ होतं. आठवड्याला एक घ्यायचं वजन उतरवणारं इंजेक्शन आणि इन्सुलिन सुरू केल्यावर तीन महिन्यांत ७.१ वर आलं. पण त्याच काळात पडदा आणखी बिघडल्याचं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. इंजेक्शन बंद करू का? (पुणे)

उत्तर : बंद करू नका. साखर फार वर असताना ती झपाट्याने खाली आणली तर आधीच आजारी असलेला पडदा काही महिने तात्पुरता बिघडतो, हे जुनं निरीक्षण आहे. डीसीसीटीत काटेकोर उपचार घेणाऱ्या गटात असा बिघाड सुरुवातीला १३.१ टक्के लोकांत दिसला आणि नेहमीच्या उपचाराच्या गटात ७.६ टक्के. पण काही वर्षांनी काटेकोर गट स्पष्टपणे पुढे गेला. सेमाग्लुटाइड या तुमच्यासारख्याच आठवड्याला एक घ्यायच्या इंजेक्शनवरच्या २०१६ च्या एका मोठ्या चाचणीतही पडद्याची गुंतागुंत ३ टक्के विरुद्ध १.८ टक्के अशी जास्त निघाली आणि ती मुख्यतः ज्यांचा पडदा आधीच खराब होता त्यांच्यात. त्याच्या मुळाशी बहुतांशी साखरेची वेगाने झालेली घसरण आहे, असं मानलं जातं.

चूक औषधात नव्हती, क्रमात होती. एचबीए१सी दहाच्या वर आणि मधुमेह जुना असेल तर असे जोरकस उपचार सुरू करण्याआधीच पडदा बघून घ्यावा. उपचार लागणारा आजार दिसला तर डोळ्याचं लेझर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन आधी उरकावं आणि साखर थोडी दमाने उतरवावी. तुमच्या बाबतीत आता वर्षभर दर तीन महिन्यांनी पडदा दाखवा आणि साखरेच्या डॉक्टरांना डोळ्यांचा रिपोर्ट द्या. हे दोन डॉक्टर एकमेकांशी सहसा बोलत नाहीत. त्यांच्यामधला निरोप्या तुम्हालाच व्हावं लागेल.

प्रश्न : रिपोर्टवर ‘मॉडरेट एनपीडीआर, दोन्ही डोळे, डीएमई नाही’ असं लिहिलंय. हे किती गंभीर? पुन्हा कधी जायचं? (कोल्हापूर)

उत्तर : एनपीडीआर म्हणजे नव्या वाहिन्या अजून न फुटलेला टप्पा. त्यात ‘माइल्ड’ म्हणजे फक्त बारीक फुगे. ‘मॉडरेट’ म्हणजे त्याहून जास्त, थोडा रक्तस्रावही. ‘सिव्हिअर’ ठरवायला डॉक्टर चार-दोन-एक असा नियम लावतात : पडद्याच्या चारही चतुर्थांशांत भरपूर रक्तस्राव, किंवा दोन चतुर्थांशांत शिरा मण्यांच्या माळेसारख्या फुगलेल्या, किंवा एकात वेड्यावाकड्या आडवाटेच्या वाहिन्या. यांपैकी एक जरी दिसलं तरी सिव्हिअर. या टप्प्यावरच्या साधारण निम्म्या डोळ्यांत वर्षभरात नव्या वाहिन्या फुटतात, आणि त्या फुटल्या की नाव बदलून ‘पीडीआर’ होतं. डीएमई म्हणजे पीतबिंदूची सूज. ती कुठल्याही टप्प्यावर येऊ शकते, म्हणून वेगळी लिहितात.

तुम्ही सहा महिन्यांनी जा. माइल्डला वर्ष चालतं, सिव्हिअरला तीन-चार महिने आणि पीडीआर लिहिलं असेल तर थेट पडद्याच्या तज्ज्ञांकडे, त्याच आठवड्यात. मधल्या काळात आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघा. चौकोनांच्या रेघा वाकड्या दिसल्या किंवा एखादी तारीख पुसट झाली तर ठरलेल्या दिवसाची वाट पाहू नका. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलंत तर चांगला डोळा वाईटाचं सगळं झाकून टाकतो. रेघा सरळ दिसल्या म्हणून तपासणी मात्र टाळायची नाही.

प्रश्न : मुलीला नवव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे. आता २६ वर्षांची आहे, दिवस गेलेत. सासरची मंडळी म्हणतात, डोळ्यांचे थेंब बाळाला बाधतील. (सोलापूर)

उत्तर : मंडळींची काळजी समजते, पण इथे तपासणी टाळणं जास्त धोक्याचं आहे. १७ वर्षांचा मधुमेह, त्यात गरोदरपण. या काळात पडद्याचा आजार वेगाने वाढू शकतो. खरं तर दिवस राहण्याआधी बघायला हवं होतं. आता पहिल्या तीन महिन्यांत एकदा, नंतर प्रत्येक तिमाहीत, आणि बाळंतपणानंतर वर्षभर लक्ष ठेवायचं. किती महिने झालेत ते डॉक्टरांना आधीच सांगा, मग ते थेंब त्या हिशेबाने निवडतात. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरला की औषध अंगात फार कमी जातं. गरज पडली तर गरोदरपणात लेझर करता येतं. दंडातून रंग सोडून काढायचा फोटो आणि डोळ्यातली इंजेक्शनं मात्र शक्यतो टाळतात.

ज्यांना फक्त गरोदरपणातच मधुमेह निघाला, आधी नव्हता, त्यांना ही खास तपासणी लागत नाही.

प्रश्न : वडिलांना लेझरच्या तीन बैठका झाल्या. नजर सुधारली तर नाहीच, उलट संध्याकाळी कमी दिसतं म्हणतात. फसवणूक झाली का? आता इंजेक्शनं सांगितलीत, पण आमच्या गावाहून दर महिन्याला येणं शेतीच्या दिवसांत जमत नाही. (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : फसवणूक नाही. मात्र लेझर कशासाठी आहे हे आधी समजावून सांगायला हवं होतं. पडद्याच्या कडेच्या भागावर हजार-दीड हजार बारीक डाग देतात. तो भाग निकामी झाला की त्याची प्राणवायूची मागणी थांबते, तो निरोप सोडणं बंद करतो आणि नव्या वाहिन्या सुकतात. कडेचा पडदा देऊन मधला वाचवायचा, असा हा सौदा. त्यामुळे अंधारात आणि कडेला थोडं कमी दिसतं. लेझर नजर परत आणत नाही, उरलेली राखतं. वडिलांना संध्याकाळी दुचाकी चालवू देऊ नका.

इंजेक्शनं डोळ्याच्या आत देतात, मुख्यतः पीतबिंदूच्या सुजेसाठी, कधी नव्या वाहिन्यांसाठीही, आणि त्यांनी नजर सुधारूही शकते. सुरुवातीला महिन्याला एक अशी तीन ते पाच, मग ओसीटी बघून अंतर वाढवतात. दोन घेऊन सोडून दिली तर सूज परत येते.

येणं जमणार नाही, हे डॉक्टरांना आजच सांगा. लाजून गप्प बसू नका. नव्या वाहिन्यांवर फक्त इंजेक्शनं घेणारे रुग्ण मधेच गायब झाले, तर लेझर केलेल्यांपेक्षा त्यांचे डोळे जास्त बिघडतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. तुमची अडचण कळली तर उपचार त्याप्रमाणे बसवता येतात. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा आणि वडिलांचा उपचार योजनेत बसतो का, ते विचारा.

इंजेक्शननंतर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला तर तो आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. दुखणं वाढत गेलं, लाली पसरली, नजर घसरली, तर मात्र त्याच दिवशी परत जा, रात्र झाली असली तरी. आतला संसर्ग क्वचित होतो, पण तो तासांच्या हिशेबाने डोळा खातो.

प्रश्न : आमच्याकडे मोबाइलच्या कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो काढायचं शिबिर झालं. डॉक्टर नव्हते, यंत्रच निकाल देत होतं. भरवसा ठेवावा? (ठाणे)

उत्तर : पहिली चाळणी म्हणून ठेवावा. भारतात ४० वर्षांवरच्या मधुमेहींपैकी साधारण आठातल्या एकाच्या पडद्यावर आजार आहे आणि पंचवीसातल्या एकाची नजर धोक्यात आहे. एवढ्या लोकांना दरवर्षी तपासायला पडद्याचे तज्ज्ञ पुरणार नाहीत. २०१९ साली प्रसिद्ध झालेला मुंबईतलाच अभ्यास आहे. महापालिकेच्या दवाखान्यांत स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढले आणि इंटरनेटशिवाय चालणाऱ्या संगणकप्रणालीने ते वाचले. पुढे पाठवण्याजोगा आजार असलेला एकही रुग्ण तिच्याकडून सुटला नाही. असा आजार नसलेल्या शंभरातल्या अकरा-बारांना मात्र तिने विनाकारण पुढे पाठवलं. त्या अभ्यासात दोनशेच्या थोडेच वर रुग्ण होते, हेही ध्यानात ठेवावं.

लोक घोटाळा करतात तो एके ठिकाणी. मोतीबिंदू किंवा लहान बाहुली यांमुळे फोटो धूसर येतो आणि कागदावर ‘फोटो वाचता येत नाही’ असं छापून येतं. याचा अर्थ ‘ठीक आहे’ असा नाही. अशा माणसाला थेंब घालून तज्ज्ञाने बघायलाच हवं.

प्रश्न : दोन महिन्यांत तीनदा चष्मा बदलला, तरी नंबर बसत नाही. (लातूर)

उत्तर : साखर वर-खाली झाली की डोळ्यातलं भिंग पाणी धरतं आणि सोडतं, नंबर त्यामुळे हलतो. साखर स्थिर होऊन महिना-दीड महिना जाऊ द्या, मग चष्मा करा. पडदा मात्र आत्ताच दाखवा.

प्रश्न : आईला पीडीआर आहे. काल रात्री एका डोळ्यासमोर अचानक काळे धागे आणि काजळीसारखे ठिपके तरंगायला लागले. तालुक्याला जाऊन थेंब आणावेत का? असं पुन्हा झालं तर काय करायचं? (चिपळूण)

उत्तर : थेंबांचा उपयोग नाही, ते तिथवर पोचतच नाहीत. हा जेलमधला रक्तस्राव असण्याची शक्यता जास्त आहे. त्याच किंवा दुसऱ्या दिवशी पडद्याच्या तज्ज्ञांकडे न्यायचं. विजा चमकल्यासारखं दिसत असेल किंवा एका बाजूने नजरेवर काळी सावली सरकत असेल तर पडदा सुटल्याची शंका धरायची आणि तासभरही थांबायचं नाही.

तोवर दोन-तीन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपवा, म्हणजे रक्त खाली बसतं आणि मधून दिसू लागतं. कळशी उचलणं, वाकून झाडणं, शौचाला जोर करणं बंद. योगासनं करत असतील तर शीर्षासन आणि सर्वांगासन पीडीआरमध्ये एरवीही करायचं नाही. रक्तदाब मोजा. हृदयासाठी अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर ती मनाने थांबवू नका. अॅस्पिरिनने पडद्याचा रक्तस्राव वाढत नाही, उलट गोळी सोडण्यात हृदयाला धोका आहे. रक्तामुळे पडदा दिसत नसेल तर डॉक्टर डोळ्याची सोनोग्राफी करून तो जागेवर आहे का ते बघतात. जुने रिपोर्ट आणि औषधांची यादी सोबत न्या, आणि दुसऱ्या डोळ्यातही त्याच दिवशी थेंब घालून तपासणी करून घ्या, कारण पीडीआर बहुधा एकाच डोळ्यापुरता राहत नाही.